साडेतीन लाखांचे भूत आणि सायकलवरचा गब्बर

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. गोंदिया-भंडारा हा धानाचा मुलूख. प्रत्येक गावाची मंडईची तारीख वेगळी. दिवसा बाजार, पाळणे आणि घरोघरी पाहुणे. रात्री दंडार किंवा नाटक. १९९० च्या सुमारास या रात्रींना आणखी एक पाहुणा येऊ लागला होता. तो म्हणजे भाड्याचा रंगीत टीव्ही आणि त्याच्यासोबतचा व्हीसीआर. (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता; स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.) गावात वर्गणी निघे, गादीत गुंडाळलेला टीव्ही गाडीतून येई आणि चौकात टेबलावर चढे. कॅसेटी तीन. पहिली देवाधर्माची, म्हाताऱ्या मंडळींसाठी. दुसरी विनोदी. तिसरी मध्यरात्रीनंतरची, भुताची.

तिसऱ्या कॅसेटसाठी आम्ही मुले जागे राहायचो. 'पुराना मंदिर' मी असाच पाहिला, चुलतभावाच्या चादरीतून एक डोळा बाहेर काढून. पुढचे काही दिवस अंधार पडल्यावर विहिरीकडे जायची कोणाचीच छाती झाली नाही. इथपर्यंत गंमतच होती. पण गावाच्या टोकाला एक विधवा म्हातारी एकटी राहायची. ती करणी करते अशी कुजबूज आधीपासूनच होती. सिनेमा पाहून आल्यावर आम्हा पोरांना तिच्यात भूत दिसू लागले. आम्ही तिच्या दारावरून ओरडत पळायचो. एके दिवशी कोणीतरी दगड मारला आणि तिच्या कपाळातून रक्त आले. दगड मी मारला नव्हता, पण मारणाऱ्यांच्या घोळक्यात मी होतो.

शाळेतल्या गुरुजींना हे कळले. ते आम्हाला मारतील असे वाटले होते. त्यांनी मारले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाची दारे-खिडक्या लावून घेतली, टेबलावर खिडकीच्या तावदानाची एक काच उभी केली आणि पाण्याने भरलेल्या ग्लासात मेणबत्ती जळताना दाखवली. ज्योत पाण्याच्या आत, तरी विझत नव्हती. आम्ही गप्प. मग त्यांनी काचेच्या अलीकडे ठेवलेले खोके उचलले. त्याच्या आड खरी मेणबत्ती जळत होती.

काचेतले भूत

हा प्रयोग आजही कोणत्याही वर्गात करता येईल. काच उभी ठेवावी. तिच्या अलीकडे, म्हणजे मुलांच्या बाजूला, पेटती मेणबत्ती ठेवून ती मुलांना दिसणार नाही असे खोके मध्ये ठेवावे. काचेच्या पलीकडे, बरोबर तेवढ्याच अंतरावर, पाण्याचा ग्लास ठेवावा. सपाट आरशातली प्रतिमा वस्तू जितकी पुढे तितकीच मागे दिसते, हा सहावी-सातवीतला नियम. त्यामुळे ज्योतीची प्रतिमा नेमकी ग्लासात पडते. साधी काच समोरून आलेल्या प्रकाशापैकी सुमारे आठ टक्केच परत पाठवते, बाकीचा पलीकडे जातो. म्हणून प्रतिमा पारदर्शक दिसते. खोली अंधारी हवी ती याचसाठी.

ही युक्ती रंगभूमीवर गाजली ती लंडनमध्ये, १८६२ च्या नाताळात. रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेत जॉन हेन्री पेपर या रसायनशास्त्राच्या व्याख्यात्याने डिकन्सच्या एका भूतकथेच्या प्रयोगात रंगमंचावर तिरकी काच लावली. खाली खड्ड्यात नट उभा केला आणि त्याच्यावर झगझगीत प्रकाश टाकला. प्रेक्षकांना जिवंत नटाशेजारी आरपार दिसणारे भूत दिसले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची, पण नाव झाले ते 'पेपरचे भूत'. असे पुष्कळदा होते.

या भुताचा पहिला गाजलेला खेळ एका विज्ञानसंस्थेत झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडेही चित्रपटाची सुरुवात करणाऱ्या माणसाला जादू आणि विज्ञान ही एकाच पेटीतली हत्यारे वाटत होती. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करीत ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने. फाळके उलटे वाचा! १९१२ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करायचे होते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा रोवून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत घडली. बी फुटताना आणि वेल चढताना पाहून सावकार विरघळला. पुढे 'मोहिनी भस्मासुर'सोबत त्यांनी 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपट दाखवला. आणि १९१७ मध्ये आणखी एक पट काढला: चित्रपट कसा तयार होतो हेच दाखवणारा. स्वतःची जादू स्वतःच उघडी करून दाखवणारा जादूगार विरळाच.

महाबळेश्वरातले चाळीस दिवस

मंडईच्या तिसऱ्या कॅसेटवर बहुधा एकच आडनाव असे: रामसे. मूळचे रामसिंघानी. वडील फतेहचंद यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडला पुन्हा तोच धंदा मांडला. चित्रपट काढण्याची हौस त्यांना होती, यश मात्र हुलकावण्या देत होते. १९७० मध्ये त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण चित्रपटगृहात बसून प्रेक्षक न्याहाळणाऱ्या मुलांच्या एक गोष्ट लक्षात आली. भयानक मुखवटा घातलेला पृथ्वीराज कपूर पडद्यावर आला की लोक सावरून बसतात. बाकीच्या वेळी जांभया देतात. शास्त्रज्ञाच्या भाषेत सांगायचे तर निरीक्षण अपयशाचे होते, निष्कर्ष मात्र उपयोगाचा निघाला.

सात भाऊ होते. वडिलांनी त्यांना छायाचित्रणाचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक दिले आणि काश्मीरला हाउसबोटीवर नेऊन अभ्यासाला बसवले, ही हकीकत त्या कुटुंबानेच अनेकदा सांगितली आहे. मग कामे वाटली गेली. तुलसी आणि श्याम यांच्याकडे दिग्दर्शन, गंगूकडे कॅमेरा, किरणकडे ध्वनी, कुमारकडे पटकथा, अर्जुनकडे संकलन. केशू छायाचित्रणाला आणि पुढे निर्मितीला. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) या चित्रपटासाठी सारे कुटुंब आणि नटमंडळी बसने महाबळेश्वरला गेली. तिथल्या सरकारी विश्रामगृहात मुक्काम आणि तिथेच चित्रण. स्वयंपाक घरच्या बायकांचा. सुमारे चाळीस दिवसांत काम संपले आणि खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला, असे सांगतात. चित्रपट चालला.

एवढ्या कमी पैशांत काम कसे झाले हे समजायचे तर थोडे गणित करावे लागेल. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात आणि सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला नव्वद. दोन तासांच्या चित्रपटाला १०,८०० फूट. हे झाले प्रत्येक दृश्य एकदाच आणि बिनचूक घेतले तर. नट वाक्य विसरला, दिवा हलला, कुत्रे भुंकले, की पुन्हा तेवढीच फिल्म जळाली. एकेक दृश्य सरासरी पाचदा घेतले तर पन्नास हजार फुटांच्या वर जायचे. कच्ची फिल्म परदेशी चलन खर्चून येई आणि महाग असे. तेव्हा बचत करायची ती तालमीत आणि देखाव्यात. इथे भयपट हा प्रकार मोठा सोयीचा. प्रेमकथेला बाग लागते, बंगला लागतो, शंभर नाचणारे लागतात. भुताला लागतो तो अंधार, आणि जे अंधारात आहे ते उभारावे लागत नाही. एक दार, एक जिना, थोडा धूर, आणि कुठून तरी आलेला हिरवा नाही तर तांबडा उजेड. उरलेला वाडा प्रेक्षक आपल्या मनात बांधतात.

उजेड कुठून येतो, यातही मोठे शास्त्र आहे. हनुवटीखाली बॅटरी धरली की घरातला माणूसही ओळखू येत नाही. माणसाच्या मेंदूने प्रकाश वरूनच येतो असे गृहीत धरलेले असते, कारण सूर्य वर आहे. कुठली बाजू उंच आणि कुठली खोल, हे आपण सावल्यांवरून ठरवतो ते याच गृहीतावर. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये छायेवरून आकार ओळखण्याबद्दल जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत हे फार सुंदर दिसते. चंद्रावरच्या विवरांचे छायाचित्र उलटे धरा, खड्ड्यांच्या टेकड्या होतात. चेहऱ्याचेही तसेच. खालून उजेड आला की भुवयांच्या सावल्या वर चढतात, डोळ्यांखालचा भाग चमकतो, आणि ओळखीचा चेहरा अनोळखी होतो. यासाठी खर्च एका दिव्याचा, तोही जमिनीवर ठेवलेल्या. वर टांगण्याचा त्रास वाचला!

'पुराना मंदिर' (१९८४) हा रामसेंचा सर्वांत गाजलेला चित्रपट. त्यातल्या सामरी या राक्षसाचे शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे पुरलेले असते. दोन्ही जुळली की तो उठतो. ज्याला पाहून मी चादरीत शिरलो ते अजय अग्रवाल रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंता होते, हे मला फार नंतर कळले. ते लहानपणी कळते तर किती बरे झाले असते.

या चित्रपटांच्या कथांविषयी मला आदर नाही. शाप खरा, तांत्रिक खरा, राक्षस खरा आणि शेवटी त्रिशूळ खरा. बुद्धी वापरणारे पात्र हमखास पहिल्या तासात मरते. १९९३ पासून हेच सारे 'झी हॉरर शो'मधून घरोघरी आले. करणी, मूठ, चेटूक यांवर ज्या मुलखात माणसे मारली जातात तिथे हे खपवणे निरुपद्रवी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. रामसेंच्या कारागिरीचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. त्यांचे भूत स्वस्त असल्यामुळे त्याची शिवण दिसते. मुखवट्याची कड दिसते, धुराची नळी कुठे असेल ते कळते. ज्याला बघायचे त्याला बघता येते. आजच्या संगणकाने घडवलेल्या राक्षसात अशी फट सापडत नाही.

हसवणारी नक्कल

'पुराना मंदिर'मध्ये मध्येच एक वेगळाच चित्रपट सुरू होतो. जगदीप मच्छरसिंग नावाचा डाकू होऊन येतो आणि 'शोले'ची टर उडवतो. मूळ कथेशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण ही ठिगळे उगीच नव्हती. सतत भ्यायला लावले तर प्रेक्षक भ्यायचे थांबतात. मध्ये हसवून मन सैल सोडले की पुढचा दचका पुन्हा लागू पडतो. आपल्या मराठीत 'झपाटलेला'ने (१९९३) तर दोन्ही रस एका बाहुल्यात घातले. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू पाहून पोरे एकाच क्षणी भीत आणि हसत. बाहुल्याचे ओठ हलले की आवाज तिथूनच आला असे वाटते. कानापेक्षा डोळ्यावर जास्त भरवसा ठेवायची आपली ही सवय शब्दभ्रमकार वापरतो.

मच्छरसिंगाची ही वाट पुढे गेली ती नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात. यंत्रमागांचे गाव, शुक्रवारी सुट्टी, आणि सिनेमाचे विलक्षण वेड. नासिर शेख हा तरुण तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचा. रोज चित्रपट दाखवता दाखवता, दोन व्हीसीआर जोडून त्याचे तुकडे करता करता त्याला चित्रपट जोडण्याची कला साधली. २००० साली त्याने लग्नाचे चित्रण करणारा साधा व्हिडिओ कॅमेरा घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे पन्नास हजार. नट गावातलेच, बरेचसे मागावर काम करणारे. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलींवर आले. आगगाडी मिळणे शक्य नव्हते म्हणून दरोडा बसवर पडला. मालेगावच्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

रामसेंच्या साडेतीन लाखांवरून पन्नास हजारांपर्यंत (आणि मधल्या अठ्ठावीस वर्षांत रुपया किती घसरला ते वेगळेच) खर्च उतरला तो कशामुळे? हुशारीमुळे नक्कीच, पण त्याआधी चुंबकीय फितीमुळे. फिल्मवर उमटलेले चित्र रासायनिक असते. एकदा प्रकाश पडला की ती चौकट संपली. व्हिडिओची फीत म्हणजे प्लॅस्टिकवर बसवलेले लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण. त्यांची चुंबकीय मांडणी बदलली की चित्र उमटते, पुन्हा बदलली की पुसते. चूक झाली तर फीत मागे घ्या आणि तिच्यावरच परत चित्रण करा. धुलाईचा खर्च नाही, प्रयोगशाळा नाही, वाट पाहणे नाही. तोटा एकच. एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवताना प्रत्येक वेळी चित्र थोडे पुसट होते, रंग ओघळतात. मालेगावच्या प्रेक्षकांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. पडद्यावर आपला शेजारी गब्बर झालेला असताना रंगांकडे कोण बघतो?

बाकीची यंत्रसामग्री त्यांनी गावातूनच उभी केली. चालत्या दृश्यासाठी रुळांवरची गाडी लागते. त्यांनी कॅमेरावाल्याला सायकलवर बसवले. वरून खाली येणाऱ्या दृश्यासाठी क्रेन लागते; त्यांनी बैलगाडी घेतली. बैल सोडलेल्या गाडीचा आस हा टेकू होतो, पुढे गेलेले जू ही लांब भुजा. त्या टोकाला कॅमेरावाला बसवून मागून दाब दिला की तो अलगद वर जातो. पहिल्या प्रकारच्या तरफेचे यापेक्षा चांगले उदाहरण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेले नाही. मागची भुजा आखूड असल्यामुळे जोर जास्त लागतो, पण तेवढ्या कमी हालचालीत पुढचे टोक भरपूर फिरते. आमच्याकडच्या मुलांना धानाचे भारे उतरवताना गाडी उलाळी झालेली चांगली ठाऊक असते. तिथून सुरुवात करावी.

मग त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. यात माणूस उडायला हवा. त्यासाठी हिरवे कापड वापरले. हिरव्या कापडापुढे नटाचे चित्रण करायचे आणि नंतर संगणकाला सांगायचे, की जिथे जिथे हा हिरवा आहे तिथे आकाश भर. हिरवाच का? माणसाच्या कातडीच्या रंगापासून तो पुरेसा दूर असतो म्हणून. निळाही चालतो, पण सुपरमॅनचा पोशाखच निळा! हॉलिवूडच्या १९७८ च्या 'सुपरमॅन'लाही नेमकी हीच अडचण आली होती, आणि त्यांना समोरून चित्र टाकण्याच्या खर्चिक पद्धतीकडे वळावे लागले. मालेगावात हिरवे कापड ट्रकवर ताणले आणि शफीक शेख या कृश, लाजऱ्या मागकामगाराला आडव्या खांबावर पोटावर झोपवून उडवले. ही सारी खटपट फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात पाहायला मिळते. शिक्षकांनी तो मुलांना जरूर दाखवावा. याच मंडळींवर रीमा कागती यांनी काढलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला, पण मला स्वतःला तो माहितीपट अधिक जवळचा वाटतो. त्यात युक्ती करणारे हात दिसतात.

मालेगावच्या सुपरमॅनला गावच्या धुळीने दमा होतो आणि त्याचा शत्रू तंबाखूचा व्यापारी असतो. शफीक शेख २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेला.

आता आमच्या चौकाकडे परत येतो. काचेच्या प्रयोगानंतर गुरुजींनी आम्हाला म्हातारीच्या घरी नेले. काही बोलायला लावले नाही. तिच्या अंगणातली धानाची पेंढी रचून दिली आणि परत आलो. पुढच्या वर्षीच्या मंडईला तिसरी कॅसेट पुन्हा रामसेंचीच होती. धुरातून चेहरा वर आला, संगीत चढले आणि मागून कोणीतरी पोरगा ओरडला, "अरे, बॅटरी खालून धरली हाय रे!" सारा चौक हसला. मी वळून पाहिले. बायकांच्या रांगेत ती म्हातारी बसली होती. ती हसत नव्हती. पदर तोंडावर ओढून, बोटांच्या फटीतून पडद्याकडे बघत होती. तिला भुताची भीती वाटत होती.